पट्टीची सावली : समशीतोष्ण प्रदेशातील घरे पाहताना नऊ दिवस

‘समशीतोष्ण’ हा शब्द ऐकला की ना थंडी ना उकाडा असे एखादे सुखाचे हवामान डोळ्यांसमोर उभे राहते आणि अशा हवेत घर बांधणे हे सोपे काम असणार, असे वाटते. इमारतींचे आराखडे करण्यात बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत नेमके याच्या उलट झाले आहे. व्लादिमिर कोपेन या हवामानशास्त्रज्ञाने १९०० मध्ये मांडलेल्या आणि पुढे रुडॉल्फ गायगरने सुधारलेल्या वर्गीकरणात, ज्या प्रदेशातील सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमान उणे ३ ते १८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते आणि सर्वांत उष्ण महिन्याचे १० अंशांच्या वर जाते, तो प्रदेश समशीतोष्ण गटात येतो. या व्याख्येत उन्हाळ्यात भाजून निघणारे दक्षिण स्पेनमधील कोर्दोबा बसते आणि हिवाळ्यात गोठणबिंदूच्या आसपास घोटाळणारे जर्मनीतील डार्मस्टाटही बसते. सरासरी सौम्य असली, तरी घर काही सरासरीत उभे नसते. ते जानेवारीत उभे असते आणि जुलैतही. बारमाही उष्ण प्रदेशातील घराने सूर्याला कायम बाहेर ठेवावे, बारमाही थंड प्रदेशातील घराने त्याला मिळेल तेवढे आत घ्यावे, एवढे सरळ आहे. समशीतोष्ण प्रदेशातील घराला मात्र काही महिने ज्या खिडकीतून ऊन आत बोलवायचे, त्याच खिडकीवर ते उरलेले महिने थोपवावेही लागते.

हे दुहेरी काम ठिकठिकाणच्या लोकांनी कसे साधले आहे, ते डोळ्यांनी पाहावे, म्हणून सप्टेंबरच्या उत्तरार्धात, दिवस आणि रात्र समान होण्याच्या सुमारास मी हा प्रवास केला. सामानात तीस सेंटीमीटरची एक लाकडी पट्टी, ओळंबा, तापमापक आणि आर्द्रतामापक एवढी हत्यारे होती. प्रत्येक मोठ्या मुक्कामी सूर्य त्या दिवसातील सर्वांत उंच जागी आला की पट्टी ओळंब्यात उभी धरायची आणि तिची सावली मोजायची, असा नेम ठरवला होता.

पहिला दिवस, १९ सप्टेंबर : कोर्दोबा

स्पेनमधील घड्याळे सूर्याच्या बरीच पुढे चालतात, त्यामुळे खरी माध्यान्ह दुपारी सव्वादोनच्या सुमारास झाली. तीस सेंटीमीटरच्या पट्टीची सावली २२ सेंटीमीटर भरली, म्हणजे सूर्य क्षितिजापासून साधारण साडेत्रेपन्न अंशांवर होता. जूनच्या अखेरीस याच जागी तो ७५ अंशांपर्यंत चढतो आणि डिसेंबरात २८-२९ अंशांवरूनच परत फिरतो. जुलैत इथले दुपारचे सरासरी कमाल तापमान ३६ अंशांच्या पुढे असते. पाऊस वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पडतो, पण तो बहुतेक हिवाळ्याच्या बाजूला. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. भूमध्यसागरी हवामानाचे हेच लक्षण आहे आणि जुने शहर पाहताना या कोरडेपणाचे महत्त्व क्षणोक्षणी कळते. हवा कोरडी म्हणून रात्री आकाश मोकळे, आकाश मोकळे म्हणून जमीन आणि भिंती रात्री भराभर निवतात आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील या मोठ्या फरकावरच इथल्या घरांचा सारा कारभार चालतो.

शहराच्या प्रसिद्ध जुन्या मशिदीच्या भोवतालच्या वस्तीतील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. उंच भिंती आणि अरुंद वाट यामुळे ऊन दिवसातून जेमतेम थोडा वेळ फरसबंदीपर्यंत पोहोचते. भिंतींना चुन्याची पांढरी सफेदी असल्यामुळे जे ऊन वरच्या भागावर पडते, त्यातील बरेचसे परत फेकले जाते आणि खाली येतो तो फक्त पसरलेला मऊ उजेड. रस्त्याकडच्या खिडक्या थोड्या, लहान आणि लोखंडी जाळीआड असतात. बाहेरून पाहणाऱ्याला घर जणू पाठ करून बसले आहे, असे वाटते. पाठ करून बसण्याचे कारण उद्या पाहायचे होते.

दुसरा दिवस, २० सप्टेंबर : कोर्दोबाचे चौक

कोर्दोबाचे घर आतल्या चौकाकडे तोंड करून बसते. विआना राजवाड्यात असे १२ चौक एकमेकांना जोडलेले आहेत आणि ते सलग पाहिले की लहान-मोठ्या चौकांतील फरक कातडीलाच कळतो. मी सकाळी दहाला, दुपारी एकला आणि संध्याकाळी अशा तीन वेळा तापमान टिपत फिरलो. उघड्या रस्त्यावर दुपारी ३२ अंश असताना एका खोल, झाडांनी भरलेल्या चौकाच्या तळाशी तापमापक २६ दाखवत होता.

यात जादू काही नाही. रात्री छपरे आणि फरशा मोकळ्या आकाशाकडे उष्णता टाकून थंड होतात, त्यांच्याजवळची हवा थंड आणि जड होऊन चौकात उतरते आणि चारी बाजूंनी भिंती असल्यामुळे तळ्यात पाणी साचावे तशी तिथे साचून राहते. सकाळी ऊन तापण्याआधी दारे लोटून घेतली आणि चौकावर कापडाचे छत ओढले की ही साचलेली थंडी दुपारपर्यंत पुरते. कुंड्यांना घातलेले पाणी आणि कारंज्याचे तुषार यांच्या बाष्पीभवनाने कोरडी हवा आणखी दोन-तीन अंश उतरते. हवा दमट असती, तर हा शेवटचा उपाय जवळपास निरुपयोगी ठरला असता, कारण दमट हवेत पाणी सुकायलाच तयार नसते.

जाड भिंतींचे काम वेगळे. अर्धा मीटर जाडीच्या दगड-विटांच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दुपारी लागलेली उष्णता आतल्या अंगापर्यंत यायला दहा-बारा तास घेते. रात्री दहाच्या सुमारास मी मुक्कामाच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून पाहिला, तेव्हा ती नुकती कोमट होऊ लागली होती आणि त्या वेळेला बाहेरची हवा खिडकी उघडून आत घेण्याइतकी गार झालेली होती. दिवसाची उष्णता भिंतीने रात्रीवर ढकलली आणि रात्रीने ती खिडकीवाटे काढून टाकली. अशा घरांतील कुटुंबे पूर्वी उन्हाळ्यात तळमजल्यावर आणि हिवाळ्यात वरच्या मजल्यावर राहत असत. भिंत हलवता येत नाही, म्हणून माणसेच ऋतूनुसार घरातल्या घरात स्थलांतर करत.

या रचनेचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र मला लपवावीशी वाटत नाही. जानेवारीत रात्रीचे तापमान ४ अंशांपर्यंत उतरते आणि तेव्हा हाच चौक थंडीचे टाके बनतो. डिसेंबरचे तिरपे ऊन त्याच्या तळापर्यंत पोहोचत नाही. कोर्दोबाने दोन शत्रूंपैकी उन्हाळा हा मोठा मानला आणि हिवाळ्याशी तडजोड केली. समशीतोष्ण प्रदेशातील प्रत्येक जुन्या घरात अशी एक निवड दडलेली असते, आणि ती ओळखता आली की घराचे बाकीचे तपशील आपोआप उलगडतात.

तिसरा दिवस, २१ सप्टेंबर : रेल्वेच्या खिडकीतून

माद्रिदला गाडी बदलून दिवसभराच्या प्रवासाने स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील आ कोरुन्याला पोहोचलो. एका देशात, एका दिवसात हवामान कसे पालटते, हे पाहण्यासाठी यापेक्षा चांगला मार्ग क्वचितच असेल. दक्षिणेत नळीच्या कौलांची, कमी उताराची छपरे आणि पांढऱ्या भिंती होत्या. मध्यावरच्या पठारावर विटा आणि मातीच्या रंगाची गावे आली. गॅलिसियाच्या डोंगरात गाडी बोगद्यांतून बाहेर पडू लागली, तशी भिंतींची जागा काळसर ग्रॅनाइटने आणि कौलांची जागा अनेक ठिकाणी पाटीच्या दगडाच्या चपट्या फरशांनी घेतली. काचेवर पावसाचे थेंब दिसू लागले. अटलांटिकवरून वाहणारे पश्चिमी वारे समुद्राची ऊब आणि ओल दोन्ही बरोबर आणतात, म्हणून या किनाऱ्यावर हिवाळा कडक नाही आणि उन्हाळाही तापत नाही, परंतु आभाळ आणि दमटपणा वर्षभर पाठ सोडत नाहीत. इथला मुख्य शत्रू ओल आहे.

चौथा दिवस, २२ सप्टेंबर : आ कोरुन्या

बंदराकडे तोंड केलेल्या इमारतींच्या ओळीवर एकावर एक तीन-चार मजले काचेच्या सज्जांची सलग भिंत आहे. पांढऱ्या रंगाच्या लाकडी चौकटी, त्यांत लहान लहान तावदाने आणि वर-खाली सरकणाऱ्या झडपा असे हे बंदिस्त सज्जे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरभर पसरले आणि शहराला ‘काचेचे शहर’ हे नाव पडले. गंमत अशी की बंदराकडची ही प्रसिद्ध बाजू या घरांची मूळची मागची बाजू आहे. दर्शनी दारे पलीकडच्या रस्त्याला आहेत. देखाव्यासाठी कोणी मागची बाजू सजवत नाही. तिथे ऊन येत होते आणि समुद्रावरचा वारा अंगावर येत होता, म्हणून तिथे काच आली.

सुदैवाने माझा मुक्कामही अशाच एका सज्जाच्या घरात होता. सकाळी साडेनऊला बाहेर १६ अंश आणि वारा. सज्जात, आभाळ अधूनमधून फाटत असूनही, २४ अंश. काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, आतल्या फळ्यांवर आणि मागच्या दगडी भिंतीवर पडून त्याची उष्णता होते आणि ही उष्णता ज्या लांब लहरींनी परत निघते, त्यांना काच सहजासहजी बाहेर सोडत नाही. सज्जा तापला की मधले दार उघडायचे, ऊब खोलीत घ्यायची. सूर्य ढळला की दार लावायचे, मग सज्जा हा खोली आणि वारा यांच्या मधला अंगरखा होतो. उन्हाळ्यात वरच्या झडपा उघडल्या की तापलेली हवा बाहेर पडते. भिंत आणि खिडकी यांच्या मधली ही एक मीटरभर जागा दिवसातून चार वेळा आपले काम बदलते, आणि ते बदलण्यासाठी लागतो फक्त घरातल्या माणसाचा हात. एवढ्या साध्या सामानात इतके जमवणारी दुसरी रचना मी या प्रवासात पाहिली नाही.

दुपारी दोन वाजून पंचवीस मिनिटांनी सज्जाच्या फळीवर पट्टी धरली. सावली २८ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास पट्टीएवढीच.

याच घराच्या उत्तरेच्या खोलीने मात्र दुसरा धडा दिला. तिथे कपाटामागच्या कोपऱ्यात, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, काळ्या ठिपक्यांची बुरशी चढलेली होती. छप्पर गळत नव्हते, नळही फुटलेला नव्हता. खोलीतील हवा २० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर भिंतीचा पृष्ठभाग साधारण साडेबारा अंशांपर्यंत थंड झाला की त्याला चिकटून असलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि बुरशीला तेवढे पुरते. पाण्याचे थेंब दिसण्याचीही गरज नसते. आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांवर थेंबही सुटतात. कोपऱ्यात भिंतीचे बाहेरचे अंग आतल्या अंगापेक्षा जास्त असते, म्हणून उष्णता तिथून अधिक निसटते. त्यात कपाटामुळे खोलीची उबदार हवा तिथे फिरत नाही. अशा प्रदेशात घर नुसते गरम ठेवून भागत नाही, त्याचा सर्वांत थंड कोपराही दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला थेंब सुटू लागतात त्याच्या, पुरेसा वर राखावा लागतो. कपाट हातभर पुढे ओढावे, असे मी घरमालकिणीला सुचवले आणि त्यांनी ते माझ्यासमोरच ओढून घेतले.

पाचवा दिवस, २३ सप्टेंबर : सांतियागो दे कोम्पोस्तेला

आज पाऊस पाहायचा होता आणि पावसाने निराश केले नाही. सांतियागोत वर्षाला सुमारे १८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो थोड्या महिन्यांत उरकून न जाता उन्हाळा सोडला तर रेंगाळत पडत राहतो. जुन्या गावातील रुआ दो विलार या रस्त्याच्या कडेने ग्रॅनाइटच्या खांबांवर पेललेल्या कमानींची पडवी आहे. तिच्यावर घरांचे वरचे मजले पुढे आलेले आहेत. म्हणजे घराला वर खोली मिळाली आणि चालणाऱ्याला खाली छप्पर. भर पावसात छत्री न उघडता मी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ कोरडा गेलो. खांब ठेंगणे आणि जाड आहेत, उंची मुद्दाम कमी ठेवली आहे, कारण उंच पडवीत तिरपा पाऊस आतपर्यंत शिरतो. पडवीची खोली आणि उंची यांचे प्रमाण पावसाच्या तिरकेपणावरून ठरते, ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि ओल्या-कोरड्या फरशीची सरळ रेघ पायांखाली पाहणे वेगळे. ती रेघ भिंतीपासून दीड हातावर होती.

परतताना रेल्वेतून शेताच्या कडेला उभी असलेली धान्याची कोठारे दिसली. दगडी पायांवर उचललेली, पायांच्या माथ्यावर उंदीर चढू नयेत म्हणून चपट्या दगडी चकत्या, आणि भिंतींना उभ्या फटी, ज्यांतून वारा आरपार वाहून मक्याची कणसे सुकतात. माणसाच्या घराने जो वारा अडवला, तोच कोठाराने आत घेतला. एकाच अंगणातील दोन इमारती एकाच हवेला दोन उलट उत्तरे देतात, ते पाहून मला फार बरे वाटले.

सहावा दिवस, २४ सप्टेंबर

विमान, मग रेल्वे, मग ट्राम. रात्री जर्मनीच्या नैर्ऋत्येला फ्रायबुर्ग येथे पोहोचलो.

सातवा दिवस, २५ सप्टेंबर : फ्रायबुर्ग

ऱ्हाइनच्या खोऱ्याच्या काठावर वसलेले हे गाव जर्मनीतील उबदार गावांपैकी आहे. १३ ऑगस्ट २००३ रोजी इथे ४०.२ अंशांची नोंद झाली. जानेवारीत मात्र रात्री गोठणबिंदूखाली जातात. दोन्ही टोके एकाच छपराखाली सांभाळायची, तर छपराचाच विचार आधी करावा लागतो. १९९४ मध्ये वास्तुकार रोल्फ डिश यांनी इथे बांधलेले ‘हेलिओट्रोप’ हे नळकांड्याच्या आकाराचे घर मधल्या खांबाभोवती फिरते. हिवाळ्यात ते आपली काचेची बाजू सूर्याकडे धरते, उन्हाळ्यात उष्णतारोधक पाठ. समशीतोष्ण हवामानाचा प्रश्न इतक्या शब्दशः सोडवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तरीही फिरते घर ही सर्वांना परवडणारी वाट नव्हे, हे उघड आहे. त्यामुळे माझा बराच वेळ डिश यांनीच जवळ उभारलेल्या श्लिअरबेर्ग वसाहतीत गेला. तिथली ५९ घरे ओळींनी उभी आहेत, ओळींमध्ये एवढे अंतर आहे की हिवाळ्यातही पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीचे ऊन फारसे खात नाही. दक्षिणेला भरपूर काच, उत्तरेला मोजक्या खिडक्या आणि सौरपट्ट्यांनी मढवलेले, दक्षिणेकडे पुढे झुकलेले छप्पर.

या झुकलेल्या छपराचे गणित साधे आहे. फ्रायबुर्ग ४८ अक्षांशांवर आहे. २१ जूनला माध्यान्हीचा सूर्य साडेपासष्ट अंशांवर असतो, तेव्हा एक मीटर पुढे आलेला छज्जा दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ २ मीटर २० सेंटीमीटर सावली टाकतो, म्हणजे संपूर्ण खिडकी झाकतो. २१ डिसेंबरला सूर्य साडेअठरा अंशांवरच असतो आणि तोच छज्जा फक्त ३३ सेंटीमीटर सावली देतो, म्हणजे खिडकी उघडी राहते आणि ऊन खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत जाते. आपण काहीही हलवायचे नाही. सूर्य स्वतःच खाली-वर होतो. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना मात्र हा उपाय चालत नाही. तिथे सूर्य सकाळ-संध्याकाळ खाली असतो आणि छज्ज्याखालून सरळ आत शिरतो, म्हणून तिथे बाहेरून बसवलेल्या झडपाच हव्यात. बाहेरून हे महत्त्वाचे. आतल्या पडद्याने उजेड अडतो, पण उष्णता काच ओलांडून आधीच घरात आलेली असते.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी पट्टीची सावली ३४ सेंटीमीटरांच्या जरा पुढे गेली. पहिल्यांदाच ती पट्टीपेक्षा स्पष्टपणे लांब झाली. आणि इथेच छज्ज्याच्या गणितातली खोच लक्षात आली, जिच्यासाठी मी मुद्दाम या दिवसांत निघालो होतो. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य ज्या उंचीवर असतो, त्याच उंचीवर तो मार्चच्या मध्यानंतर असतो. छज्जा दोन्ही वेळा एक मीटरला साधारण ९० सेंटीमीटरच सावली टाकतो. पण जमीन, भिंती आणि समुद्र तापायला आणि निवायला वेळ घेतात, म्हणून हवेचा ऋतू सूर्याच्या ऋतूच्या महिनाभर मागे चालतो. मार्चमध्ये अजून थंडी असते आणि ऊन हवेहवेसे वाटते. सप्टेंबरात उन्हाळ्याची ऊब घरात मुरलेली असते आणि तेच ऊन नकोसे होऊ शकते. छज्ज्याला हा फरक कळत नाही. वेलीला कळतो. श्लिअरबेर्गच्या पलीकडे फॉबान वस्तीत, फ्रेंच सैन्याने १९९२ मध्ये सोडलेल्या छावणीच्या जागेवर जी घरे झाली, त्यांतील एका घराच्या दक्षिण भिंतीपुढे तारांवर चढवलेली पानगळीची वेल मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. आज ती पानांनी गच्च भरलेली होती, तांबूस रंग फक्त कडांना चढू लागला होता. मार्चमध्ये हीच वेल काटक्यांचे जाळे असते आणि ऊन जवळजवळ सगळे आत सोडते. पान येणे आणि गळणे हे केवळ सूर्याच्या उंचीवरून ठरत नाही, हवेच्या उबेवरूनही ठरते, म्हणून वेलीचे पंचांग घराच्या गरजेशी छज्ज्यापेक्षा अधिक जुळते. त्या वेलीखालच्या काचेवर मी हात ठेवला. ती गार होती. शेजारच्या उघड्या काचेवर ठेवला. ती चांगलीच तापलेली होती.

आठवा दिवस, २६ सप्टेंबर : गुटाख

‘काळे अरण्य’ (ब्लॅक फॉरेस्ट) या जर्मनीतील डोंगराळ प्रदेशातल्या गुटाख येथे फोग्ट्सबाउअर्नहोफ हे खुले संग्रहालय आहे. त्याचे मूळ घर १६१२ सालचे असून आपल्या मूळ जागीच उभे आहे; १९६४ मध्ये ते संग्रहालय म्हणून खुले झाले आणि नंतर प्रदेशातील इतर जुनी घरे त्याच्या शेजारी आणून उभारली गेली. इथे डोंगरामुळे हिवाळा कडक होतो आणि बर्फ साचतो. कोपेनची सीमारेषा इथून फार दूर नाही.

लांबून पाहिले तर घर दिसतच नाही, दिसते ते छप्पर. चारी बाजूंनी उतरलेले हे अवाढव्य छप्पर काही बाजूंनी जमिनीपासून हात पोहोचेल इतके खाली आलेले आहे. त्याच्या वळचणीखाली उभे राहिले की लाकडी भिंत पावसापासून किती दूर ठेवली आहे, ते कळते. चार शतके लाकूड टिकले, ते या कोरड्या पट्ट्यामुळे. आत गुरे आणि माणसे एकाच छपराखाली राहत. गुरांच्या अंगची ऊब घराला मिळे. सर्वांत वरचा प्रचंड माळा गवतासाठी होता आणि उतारावर घर असल्यामुळे मागच्या चढावरून गवताची गाडी थेट माळ्यावर नेता येई. ऑक्टोबरात माळा गवताने भरलेला, म्हणजे थंडी सुरू होताना राहत्या खोल्यांवर अडकलेल्या हवेची जाड रजई. वसंतापर्यंत गुरांनी ती खाऊन संपवलेली. उष्णतारोधक थर थंडीत जाड आणि उन्हाळ्याकडे पातळ होत जातो, ही गोष्ट कोणी आराखड्यात लिहिली नसेल, पण ती वर्षानुवर्षे घडत होती.

स्वयंपाकघराला धुरांडे नव्हते. धूर छताखाली फिरून माळ्यातून, छपराच्या फटींतून बाहेर पडे, त्यामुळे वासे काळे होऊन कीड आणि ओल यांपासून वाचत. मी एका वाशावरून बोट फिरवले, तर तो काचेसारखा गुळगुळीत आणि कडक लागला. तिथे राहणाऱ्यांच्या फुप्फुसांचे काय होत असेल, हा विचार मनातून जात नाही. बैठकीची खोली मात्र धुरापासून वेगळी, खिडक्यांच्या ओळीने उजळलेली आणि भिंतीपलीकडून पेटवायच्या फरशीच्या शेगडीने तापणारी होती. थंडीत अख्खे घर तापवायचे नाही, एकच खोली नीट तापवायची, हा इथला निर्णय होता.

नववा दिवस, २७ सप्टेंबर : डार्मस्टाट

क्रानिखश्टाइन या उपनगरात चार घरांची एक साधी ओळ आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे इमारतशास्त्राचे प्राध्यापक बो आदामसन यांनी १९८८ पासून मांडलेल्या, फारसे तापवावे न लागणाऱ्या घराच्या कल्पनेवर ती बांधली गेली आणि १९९१ मध्ये कुटुंबे तिथे राहायला आली. ‘पॅसिव्ह हाउस’ म्हणून जे नंतर जगभर ओळखले गेले, ते पहिले घर हेच. लोक अजून तिथे राहतात, म्हणून मी रस्त्यावरूनच पाहिले. भिंतीबाहेर पाव मीटरहून जाड उष्णतारोधक थर, छपरात जवळजवळ अर्ध्या मीटरचा, तीन काचांच्या खिडक्या, आणि बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारे यंत्र, ज्यात दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. खोल्या तापवायला वर्षाकाठी दर चौरस मीटरला १५ किलोवॉट-तासांपेक्षा अधिक ऊर्जा लागू नये, असा नियम पुढे यावरून रूढ झाला. या घरांत प्रत्यक्ष मोजणी १० च्या आसपास भरली.

याच गटातला दुसरा नियम मला दुपारी जवळून पाहता आला. शहराच्या दुसऱ्या भागात एका जुन्या ओळघराची दुरुस्ती चालली होती आणि तिथल्या अभियंत्यांनी मला हवाबंदपणाची चाचणी पाहू दिली. दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात पंखा बसवतात आणि घरातील दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी करतात. अशा स्थितीत तासाला घरातील एकूण हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा गळता कामा नये. पंखा सुरू झाला, आणि अभियंत्यांनी पेन्सिलीएवढ्या नळीतून निघणारा धुराचा धागा एका नव्या खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्याशी धरला. धागा क्षणभर सरळ राहिला आणि मग खोलीच्या बाजूला एकदम वाकला. चौकट आणि भिंत यांच्या मधली चिकटपट्टी तिथे बोटभर सुटलेली होती. एवढ्याशा फटीतून हिवाळाभर आतली दमट ऊब भिंतीच्या पोटात शिरते, तिथे थंड होऊन पाणी सोडते आणि काही वर्षांनी लाकूड कुजते. आ कोरुन्याच्या कपाटामागे मी जे पृष्ठभागावर पाहिले, ते इथे भिंतीच्या आत, न दिसता घडले असते. कामगाराने पट्टी सोलून काढली, जागा पुसली आणि नवी पट्टी अंगठ्याने दाबत लावली. दुसऱ्या वेळी धागा सरळ राहिला.

चाचणीच्या आधी, एक वाजून सोळा मिनिटांनी, क्रानिखश्टाइनच्या पायवाटेवर मी शेवटची पट्टी उभी केली होती. सावली ३८ सेंटीमीटर भरली. कोर्दोबापेक्षा १६ सेंटीमीटरने लांब. मोजून वर पाहिले, तेव्हा ओळीतील एका घराची वरच्या मजल्यावरची दक्षिणेची खिडकी सताड उघडी होती आणि आतला पडदा वाऱ्याने बाहेर येत होता. या घरांच्या खिडक्या उघडत नाहीत, असे मला किती तरी जणांनी ठामपणे सांगितले होते. बाहेर १९ अंश होते, ऊन होते आणि कोणी तरी खिडकी उघडली होती.